पावसाला भिणारी छत्री

छत्री या वस्तूकडून माणसाची अपेक्षा फार माफक असते. तिने पावसात उघडावे आणि उघडल्यावर निदान चार काड्या तरी जागेवर ठेवाव्यात, एवढेच. ती एस.टी.त विसरली जाणार, ओळखीच्या माणसाने नेली तर परत येणार नाही, हे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु पाऊस आला की जी काम करायचेच थांबते, अशा एका वस्तूलाही आपण मराठी माणसे बिनदिक्कत छत्रीच म्हणतो. गच्चीच्या कठड्यावर, कौलांच्या वळचणीला किंवा खिडकीच्या गजाला बांधलेली ती वाटोळी डिश! आभाळाकडे तोंड वासून ती बारा महिने बसलेली असते. मालिकेतली सासू सुनेवर हात उगारते, तेवढ्यात बाहेर सर येते आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी लागते. तो हात पुढे कुठे पडला हे शेजारच्या वहिनींना विचारावे, तर त्यांचीही छत्री मिटलेली!

या छत्रीचे आणि पावसाचे एवढे वाकडे का, हे समजून घ्यायचे तर आधी आभाळातली आळी समजून घ्यावी लागते. उपग्रहाशी बोलायचे ते रेडिओलहरींनी. लहर सेकंदाला एक अब्ज हेलकावे खाते तेव्हा तिला एक गिगाहर्ट्झ म्हणतात. आता या हेलकाव्यांचे तज्ज्ञांनी पट्टे पाडले आणि त्यांना नावे दिली. एक ते दोन गिगाहर्ट्झ म्हणजे एल बँड. दोन ते चार एस. चार ते आठ सी. आठ ते बारा एक्स. बारा ते अठरा केयू. अठरा ते सत्तावीस के. आणि सत्तावीस ते चाळीस केए.

हा क्रम लावणाऱ्या माणसाला पहिलीच्या वर्गात कोणी पास केले, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पण त्यामागे हेतू होता. दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांनी ही अक्षरे मुद्दाम अशी विस्कटून ठेवली, की शत्रूला पत्ता लागू नये. शत्रू हरला, १९४५ साली युद्ध संपले, गुपित फुटले, पण विस्कटलेली अक्षरे तशीच राहिली. शेवटी १९७६ साली अमेरिकेतल्या आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने तोच गोंधळ अधिकृत प्रमाण म्हणून छापून टाकला. गोंधळ निस्तरता येत नसेल तर त्याला नियम म्हणावे, ही युक्ती फक्त आमच्याच खात्यात चालते असे नाही, हे वाचून मला फार बरे वाटले.

तरीही अक्षरांना अर्थ आहेत म्हणतात. एल म्हणजे लाँग, लांब लहर. एस म्हणजे शॉर्ट, आखूड. आणि सी म्हणजे काय? तर काँप्रोमाइज! एस आणि एक्स यांच्या मधला, दोघांच्याही भानगडीत न पडणारा, तडजोडीचा पट्टा. बँकेत तडजोड हा शब्द कर्ज बुडाल्यावर वापरतात. आभाळात तो चांगल्या अर्थाने वापरला गेला याचा आम्हा मंडळींना अभिमान वाटला पाहिजे.

के या अक्षराची कथा तर याहून गमतीची. जर्मन भाषेत आखूडला 'कुर्झ' म्हणतात, त्यावरून हा के आला असे सांगतात. म्हणजे जर्मनांशी लढायचे आणि नाव जर्मनांकडूनच उसने आणायचे! आखूड लहरींचे रडार लहान होते आणि चित्र बारीक दिसते, म्हणून युद्धाच्या काळात अमेरिकेत सव्वा सेंटिमीटर लांबीच्या लहरीवर रडार बांधण्याची धांदल उडाली. आणि नेमकी तीच लहर हवेतले बाष्प गटागटा पिऊन टाकते असे निघाले. कोरड्या हवेत रडार ठीक चाले, दमट हवेत त्याची नजर अधू होई. तेव्हा तज्ज्ञांनी केचा मधला भाग ओलसर म्हणून बाजूला ठेवला आणि त्याच्या खालचा तो केयू, वरचा तो केए अशी वाटणी केली. भाऊबंदकीत मधल्या खोलीला ओल असली की आपल्याकडेही अशीच वाटणी होते.

बरे, हद्दी आखल्या म्हणून त्या पाळल्या जातात असेही नाही. उपग्रहाचा सी बँड वर चढताना साधारण सहा गिगाहर्ट्झवर चढतो आणि उतरताना चारच्या आसपास उतरतो. म्हणजे त्याचा एक पाय ३.७ वर, सरळ एसच्या अंगणात. केएचे उतरणे अठरा-वीस गिगाहर्ट्झवर, म्हणजे केच्या माजघरात. सातबाऱ्यावर एक आणि वहिवाट दुसरी, हा प्रकार तलाठ्याने पाहिला तर त्याला गहिवरून येईल.

मात्र चढण्याची वाट वरची आणि उतरण्याची खालची, यात एक माणुसकी आहे. खालच्या लहरीला कमी कष्टात जास्त पोहोचता येते. जमिनीवरच्या केंद्राला हवी तेवढी वीज मिळते, तेव्हा त्याने अवघड लहर वर फेकावी. उपग्रह बिचारा सौर पत्र्यांवर दिवस काढणारा. त्याच्या वाट्याला सोपी लहर द्यावी. ज्याच्यापाशी आहे त्याने जड ओझे उचलावे, हे तत्त्व पृथ्वीवर कुठे दिसले नाही तरी पृथ्वी सोडताना लागू होते.

आता पावसाकडे येऊ. लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताने मोजता येतात. एल बँडची लहर असते जवळजवळ एक वीत. सीची उतरणारी लहर साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे. केयूची अडीच सेंटिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढी. आणि केएची चढणारी लहर एक सेंटिमीटर, करंगळीच्या नखाएवढी. पावसाचा थेंब दोन-तीन मिलिमीटरचा, मुसळधार असेल तर आणखी मोठा. विताएवढ्या लहरीला थेंब म्हणजे हत्तीला मुंगी. ती बघतसुद्धा नाही. चार बोटांची लहर थोडी अंग चोरते आणि निघून जाते. पेराएवढ्या लहरीला मात्र थेंबाशी सामना द्यावा लागतो, आणि थेंब एकटा नसतो. नखाएवढीची तर दैनाच.

मग सगळे एलवर का चालवत नाहीत? कारण आम्हा बी.कॉम.वाल्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात, की प्रत्येक खात्याला दोन बाजू असतात. खालच्या पट्ट्यांत जागा चिंचोळी. त्यावरून माल थोडा जातो. वर जावे तशी जागा ऐसपैस. शिवाय लहर जेवढी मोठी तेवढी ती झेलायला ताटली मोठी लागते. जुन्नर तालुक्यात आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी बोलण्यासाठी विक्रम भूकेंद्र उभे राहिले, सी बँडचे. त्याची तबकडी जवळजवळ तीस मीटर रुंद! एवढ्यात आमच्या शाखेच्या दोन इमारती आणि सायकल स्टँड आरामात बसेल. पुढे उपग्रह बलवान झाले. १९९० नंतर गावोगावच्या केबलवाल्यांनी गच्चीवर जी जाळीची टोपली चढवली तीही सीचीच, पण दहा-बारा फुटांवर आलेली. आमच्या आळीत ती चढवताना आठ माणसे लागली होती, आणि सूचना देणारी चाळीस. २००३ पासून आपल्याकडे घरोघरची दोन फुटी छत्री आली, ती केयूची. एक पोरगा मोटरसायकलवर काखेत मारून आणतो आणि चहा पिऊन जातो.

सोप्या भाषेत सांगायचे तर सी बँड हा आमच्या जुन्या हेडकॅशियरसारखा. टेबल मोठे लागते, काम सावकाश, पण पावसापाण्यात एक दिवस रजा नाही. केयू म्हणजे नवा चटपटीत अधिकारी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर भागवतो, काम झपाट्याने उपसतो आणि आभाळ भरून आले की त्याचे डोके दुखते. केए म्हणजे सुवर्णपदक विजेता. दहा माणसांचे काम एकटा करील, पण हवा मानवली पाहिजे. आणि एल म्हणजे आमचा शिपाई. चार शब्दांपेक्षा जास्त निरोप त्याच्याकडे द्यायचा नाही. पण दिलेला निरोप पुरातूनसुद्धा नेऊन पोहोचवणार.

हे ज्ञान मला पुस्तकातून झाले नाही. २०१४ साली माझी बदली घाटमाथ्यावरच्या एका शाखेत झाली. तिथे पाऊस पडत नाही. तो राहायलाच असतो. जूनमध्ये येतो आणि दसऱ्याला सोने लुटून मग जातो. शाखेच्या छपरावर केयूची ताटली आणि आमचा सारा कारभार त्या ताटलीतून. कोणाला दहा रुपये द्यायचे झाले तरी आधी आभाळाला विचारायचे. ढग उतरले की लिंक गेली. इंजिनिअरला फोन करावा तर तो म्हणे, "सर, तो रेन फेड आहे. क्लायमेट क्लिअर झालं की येईल." एवढे इंग्रजी आमच्या म्हशींनाही कळत होते. ढग उतरले की त्याही घराकडे वळत.

त्या पावसाळ्यात एक आजी वाडीवरून तीन मैल चालत यायच्या. श्रावणबाळ योजनेचे तेव्हा महिन्याला सहाशे रुपये मिळत. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात पिशवीत गुंडाळलेले पासबुक. पासबुक कोरडे राहावे म्हणून स्वतः भिजलेल्या.

"आजी, लिंक नाही," मी म्हणालो.

"कवा येनार?"

"पाऊस थांबला की."

"आन् पाऊस कवा थांबनार?"

खिडकीतून बाहेर बघत आमचे शिपाईमामा म्हणाले, "दसऱ्याला."

आजी बाकावर टेकल्या. म्हणाल्या, "मंग माजं पैसं वर ढगात भिजत पडल्यात म्हना की!"

पैसे ढगात नाहीत, हे त्यांना नीट समजावून सांगणे माझे कर्तव्य होते आणि त्या दिवशी दुसरे कामही नव्हते. मी म्हणालो, "आजी, उपग्रह आहे छत्तीस हजार किलोमीटर वर. तुमचा अंगठा इथून तिथे जाणार, तिथून शहरातल्या मोठ्या ताटलीत उतरणार, तिथून होकार परत वर जाणार आणि परत इथे येणार. एकूण एक लाख चव्वेचाळीस हजार किलोमीटर."

"किती दिस लागत्यात?"

"अर्धा सेकंद."

"आन् आडतंय कुठं?"

"हे काय, आपल्या डोक्यावर. पावसाचे ढग चार-पाच किलोमीटरपर्यंत असतात, तेवढ्यात."

आजींनी क्षणभर हिशेब केला. "म्हंजी येवढ्या लांबनं आलं आन् दारात थांबलं. आमची येस्टी बी तसंच करती. मुंबैपासनं येती आन् फाट्याव उतरून देती. म्होरलं तीन मैल ज्याचं त्यानं."

आयुष्यात मी दळणवळणावर बरीच परिपत्रके वाचली, पण एवढे नेमके परिपत्रक मला कधी वाचायला मिळाले नाही. छत्तीस हजार किलोमीटर पोकळीतून निर्वेध यायचे आणि शेवटच्या पाचांत दम तोडायचा! आजींनी त्या सहाशे रुपयांसाठी तीन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेला तर लिंक आली होती. मामांनी लग्नात अक्षता आल्यासारखी "आली, आली!" अशी आरोळी ठोकली, रांग हलली, आजींच्या पुढची चार माणसे सुटली, आणि सर आली. तिसऱ्या खेपेला त्या सकाळी उजाडताच आभाळ बघून निघाल्या. पुढे अख्ख्या वाडीला ती सवय लागली. पेरणीसाठी ढग बघणारी माणसे आता बँकेसाठी ढग नसलेले बघू लागली.

पाऊसच तेवढा वाईट असे मात्र समजू नका. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य फिरत फिरत बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येऊन उभा राहतो. सूर्यही रेडिओलहरी ओकतोच. मग काही दिवस रोज काही मिनिटे ताटलीला उपग्रहाऐवजी सूर्यच ऐकू येतो. फड रंगात आला असताना शाहिराच्या मागे ढोलताशा सुरू व्हावा, तसे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ साली दलालांना उपग्रहामार्फत जोडले, आणि पुढे या सूर्यापायी ऐन दुपारच्या सुमारास व्यवहार काही काळ थांबवल्याची परिपत्रके निघत. बाजार पाडणारे पुष्कळ असतात. पण त्याला थोडा वेळ बंद ठेवणारा सूर्यनारायण एकटाच.

हे सगळे नसते उपद्व्याप ज्या आभाळात चालतात ते कोणाचे, यावरही भांडणे झालीच. १९७६ साली विषुववृत्तावरचे आठ देश बोगोटा शहरी जमले आणि त्यांनी जाहीर केले, की आमच्या डोक्यावरची उपग्रहांची कक्षा आमची. वरच्या मजल्यावरचा बिऱ्हाडकरू गच्चीवर हक्क सांगतो तसेच हे. बाकीच्या सोसायटीने ते ऐकून घेतले आणि पापड वाळत घालणे चालू ठेवले. जागा आणि लहरी यांची नोंद जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना ठेवते. तिथली पद्धत आपल्या एस.टी.ची. खिडकीतून आधी रुमाल टाकेल त्याची जागा. टोंगा नावाचा लाखभर वस्तीचा बेटांचा देश. त्याच्याकडे एकही उपग्रह नव्हता, पण १९८०च्या दशकाच्या शेवटी त्याने सोळा जागांवर रुमाल टाकले! ओरड झाली, बऱ्याच सोडाव्या लागल्या, उरलेल्या त्याने इतरांना भाड्याने देण्याचा उद्योग केला. आता नियम असा, की रुमाल टाकल्यापासून सात वर्षांत प्रवासी आला नाही तर रुमाल उचलून बाहेर. आपल्या एस.टी.त एवढी मुदत मिळाली असती तर कितीतरी मारामाऱ्या टळल्या असत्या.

आणि या गर्दीत ढकलला जातोय कोण? तोच तडजोडवाला सी. मोबाइल कंपन्यांना पाचव्या पिढीसाठी जागा हवी होती. अमेरिकेत सी बँडचा एक तुकडा लिलावात निघाला आणि २०२१ साली त्याची बोली सुमारे ८१ अब्ज डॉलरवर गेली. आपल्याकडेही २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सीच्या अगदी कुंपणाला लागून असलेला पट्टा निघाला. इतकी वर्षे निमूटपणे पावसात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या घराला अचानक भाव आला, की पोरे त्याला म्हणतात, "बाबा, तुम्ही जरा मागच्या खोलीत सरका." सी सरकला. तडजोड त्याच्या नावातच आहे.

मी याचा बराच विचार केला. लिंक नसते तेव्हा विचार करायला वेळ पुष्कळ मिळतो. वर वर चढणाऱ्या या पट्ट्यांवरून आपण काय नेतो? मालिका, क्रिकेट आणि सासूचा उगारलेला हात. आजींचा व्यवहार म्हणजे एक खातेक्रमांक आणि तीन आकडे. तो केवढासा! शिपायाच्या मुठीत मावेल एवढा. पण तो सासूच्याच गाडीत बसवला जातो आणि पाऊस आला की सासूबरोबर फाट्यावर उतरतो.

गंमत म्हणजे माणसाला हे कळत नाही असे नाही. जीवावर बेतते तेव्हा तो बरोबर खालच्या लहरीकडे वळतो. जहाज बुडू लागले, की त्यावरचा संकटसूचक ४०६ मेगाहर्ट्झवर हाक मारतो; लहर जवळजवळ पाऊण मीटरची, एलपेक्षाही लांब. मजकूर काय, तर मी अमुक आणि संकटात आहे. बस्स. पण तो वादळातून वर जातो. आपल्या कोळी बांधवांसाठी २०१९ साली 'जेमिनी' नावाचे यंत्र निघाले. किनाऱ्यापासून दूर, जिथे मोबाइल मुका होतो, तिथे ते उपग्रहाकडून एल बँडवर वादळाचा इशारा घेते, मासळी कुठे आहे तेही सांगते. त्यावर सिनेमा दिसत नाही म्हणून कोणी तांडेल रुसला असेल असे वाटत नाही. ज्याला वादळात निरोप हवा असतो तो निरोपाची लांबी मोजत बसत नाही.

घाटावरच्या त्या शाखेतून माझी बदली होऊन आता बरीच वर्षे झाली. मध्यंतरी तिथल्या सहकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, शाखेला जमिनीखालून काचेच्या तंतूची केबल आली. आता पावसाला भीक घालायचे कारण नाही. मी अभिनंदन केले. आठ दिवसांनी काही कामासाठी मीच फोन लावला, तर मागे रांगेचा कलकलाट.

"काय रे, लिंक नाही का?"

"फाट्यावर रस्त्याचं काम चाललंय. सकाळी जेसीबीनं केबल उचकटली."

"अरे बापरे! मग?"

"मग काय, छपरावर छत्री आहे की अजून," तो निवांतपणे म्हणाला. "आज ऊन आहे."